तोताराम आबांचं दुसरं मरण

हे कोणी खरं मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तशी माझी कुठलीच गोष्ट कोणी खरी मानत नाही. वाघूर नदी मी एकदा मगरीच्या पाठीवर बसून ओलांडली, असं पहूरच्या पारावर सांगितलं, तर लोक म्हणाले, "नथ्थूनाना, वाघूरला पाणी कधी असतं?" मगरीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण या गोष्टीत मगर नाही. या गोष्टीत एक माणूस दोनदा मेलाय, आणि तो माझा सख्खा मेहुणा होता, माझ्या बहिणीचा, वच्छलाबाईचा नवरा.

परवा दुपारी जामनेरला कुंदनच्या फ्लेक्सच्या दुकानात बसलो होतो. वर्षभरापूर्वी फैजपूर सोडून इथे मुलाकडे राहायला आलो, तेव्हापासून मी रोज तिथेच बसतो. पंखा असतो आणि माणसं येतात. परवा पंखा नव्हता, लाईट गेली होती. मोनाली नावाची मुलगी तिच्या पार्लरचा बोर्ड न्यायला आली होती. माहेर धुळ्याचं, गेल्याच वर्षी लग्न होऊन जामनेरात आलेली. बोर्डावरची नटलेली बाई मशीनमधून अर्धीच बाहेर आली होती. कपाळ आणि भुवया बाहेर, डोळे आत. कुंदन आमच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरच्या बंद पडद्यासमोर बसला होता.

"किती वेळ लागेल, दादा?" मोनालीने विचारलं.

"लाईट आली की देतो," कुंदन म्हणाला. दिवसभरात त्याच्या तोंडून जी मोजकी वाक्यं निघतात, त्यातलं हे एक.

कोपऱ्यात मुख्तार बसला होता. मुख्तारचा मंडपाचा धंदा, लग्न असो की मयत, खुर्च्या त्याच्याच. मी म्हणालो, "मुख्तारभाई, यंदा ऊन फार." त्याने मान तिरकी केली, हवेत काठी धरल्यासारखा हात केला आणि आवाज कापरा काढून म्हणाला, "भाऊसहोन, मी बठ्ठं देखेल शे."

मोनाली खुदकन हसली. "अय्या, 'भावांनो, मी सगळं पाहिलंय', हे तर त्या छोट्या आबाचं. आमच्या घरी त्याच्या सगळ्या सीड्या होत्या. माझे पप्पा जेवताना लावायचे. कुठे असतो हो आता तो मुलगा?"

मुख्तारने माझ्याकडे पाहिलं. मी कुंदनच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही.

"तुझ्यासमोर बसलाय," मी म्हणालो.

तिने दुकानभर नजर फिरवली. कुंदन साडेपाच फुटांचा, अंगाने भरलेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. "काहीही नाना," ती म्हणाली. खरं बोललं की असं होतं. म्हणून मी कायम दुसरीकडून सुरुवात करतो.

तर मोनालीबाई, मी म्हणालो, हा कुंदन सात वर्षांचा होता. बाप नव्हता, घरात आई बेबाबाई आणि आजोबा तोताराम आबा. पोरगं दिवसभर आबांच्या मागे. आबा खोकले की हा खोकायचा. आबांनी धोतराचा सोगा झटकला की हा चड्डी झटकायचा. पहूरला एका लग्नात वरण-बट्टीची पंगत बसली होती. तिथे याने आजोबांची नक्कल केली. बट्टी कच्ची आहे म्हणून आबा कसे भांडतात, बोटाने दाबतात, शेजारच्याच्या पानावरची बघतात, आणि शेवटी तीच कच्ची बट्टी तुपात बुडवून चार कशा खातात. आचारी हसून चुलाण्यात पडता पडता राहिला. त्या लग्नाचं शूटिंग करायला धुळ्याचा प्रेमराज आला होता. त्याने नवरा-नवरीवरचा कॅमेरा काढला तो या पोरावर लावला. त्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरी फक्त मागून दिसते.

"हे खरं आहे," मुख्तार म्हणाला. "ती नवरी माझ्या मंडपात रडली होती, कॅसेट बघून."

प्रेमराजने सुट्टीत पोराला धुळ्याला नेलं. बेबाबाई सोबत. बोकडाच्या केसांची मिशी, डोक्याला पागोटं, हातात काठी, आणि नाव? नाव सुचेना, म्हणून आजोबांचंच ठेवलं, तोताराम आबा. सात वर्षांचं पोर सगळ्या गावाला अक्कल शिकवतंय, सुनांना ओरडतंय, वाटण्या करून देतंय. पहिली सीडी निघाली आणि धुळ्यापासून जळगावपर्यंत घराघरात तीच वाजायला लागली. मग त्या मिशीची एवढी हवा झाली की पहूरला एक बोकड ठेवला नाही लोकांनी धड. पोरंच मिश्या लावून शाळेत.

एकदा मी याला एसटीने नेत होतो. हा मेकअपमध्येच. कंडक्टर म्हणाला, लहान मुलाला अर्धं तिकीट, म्हाताऱ्यालाही अर्धं. हा दोन्ही आहे. दोन अर्ध्या सवलती लावल्या तर तिकीट शून्य होतं. त्याने हिशोब करून याला फुकट नेलं आणि वर आपल्या भावाच्या वाटणीचा सल्ला विचारला. याने सल्ला दिला. भावांचं आजही पटतं.

मोनाली हसत होती. "आणि रडायचा किती छान," ती म्हणाली. "आई रडायची त्याच्यासोबत."

रडणं ही तर त्याची खरी कला. मेलेल्या बैलासाठी आबा रडतात तो भाग. प्रेमराज ग्लिसरीन घेऊन उभा राहायचा, ते कधी लागलं नाही. याच्यासमोर कोणी उभं राहून वाट बघायला लागलं की याच्या डोळ्यांत पाणी. आधी डाव्या, मग उजव्या. प्रेमराज म्हणायचा, "उजवा थांबव जरा, कॅमेरा फिरतोय," तर हा उजवा थांबवायचा.

"हे मात्र खोटं," मोनाली म्हणाली.

"हेही खरं," मुख्तार म्हणाला.

कुंदनने खिशातून मोबाईल काढून वेळ पाहिली आणि परत ठेवला.

पुढे काय, केळ एकदाच निसवते. घड काढला की खोड कापायचं, हे फैजपूरकडच्या कोणालाही विचारा. पोरगं वाढायला लागलं. प्रेमराजने बाकीच्या नटांना पाटांवर उभं केलं. मग याच्यासाठी खड्डा खणला. पांझरेच्या काठी एका प्रसंगात हा कमरेएवढ्या खड्ड्यात उभा राहून सरपंचाशी भांडतोय, तुम्ही नीट पाहा, सगळा प्रसंगभर आबा एक पाऊल चालत नाहीत. चौदाव्या वर्षी आवाज फुटला आणि ओठावर खरी मिशी आली. खरी मिशी आली तेव्हा बोकडाची शोभेना.

प्रेमराज बेबाबाईला म्हणाला, "वहिनी, आता मारावं लागेल."

"कोणाला?" बेबाबाई घाबरून म्हणाली.

"आबाला."

शेवटची सीडी ठरली. कुंदनचे त्यात दोन रोल. मरणारा आबाही तोच आणि रडणारा नातूही तोच. नातवासाठी डोकं खरंच भादरलं. बिनमिशीचा, बिनपागोट्याचा, स्वतःच्या तोंडाचा कुंदन पहिल्यांदाच कॅमेऱ्यात येणार होता, तो असा.

आणि जाहिरातीला प्रेमराजने डोकं चालवलं. आपल्याकडे माणूस गेला की पत्रक निघतं, काळी चौकट, वर फोटो, खाली द्वारदर्शन, म्हणजे दारावर भेटायला येण्याची वेळ, आणि दुखवटा संपवणाऱ्या गंधमुक्तीची तारीख. तसंच पत्रक त्याने छापलं. 'पहूर येथील तोताराम आबा यांचे दुःखद निधन.' गंधमुक्तीची तारीख म्हणजे सीडी निघण्याची तारीख. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'सर्व सीडी सेंटरवर उपलब्ध.' गठ्ठे बांधून एसटीच्या कंडक्टरांकडे दिले. गावोगावी वाटले.

आता सांगा, मयताचं पत्रक तळापर्यंत कोण वाचतं? नाव वाचतो, गाव वाचतो आणि टोपी घालून निघतो.

पहूरला माणसांची रीघ लागली. जामनेरहून, फैजपूरहून, पार धुळ्याहून. सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, आणि सीडीतल्या आबावर जीव असलेली परकी माणसंही. दारावर आलेल्या बाया गल्लीच्या तोंडापासून हेल काढत यायच्या. आणि ओट्यावर कोण बसलेलं? खुद्द तोताराम आबा, सुपारी कातरत. आमची धुरपदाबाई फैजपूरची, माझी चुलत बहीण. ती तर डोळ्यांना पदर लावूनच ओट्यावर चढली आणि सापडेल त्याच्या गळ्यात पडली. सापडले आबाच. "असा कसा सोडून गेला रे माझा दाजी," म्हणून तिने त्यांचा सदरा भिजवला. आबा तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "जाऊ दे अक्का, वय झालं होतं."

मुख्तार मांडीवर हात मारून हसला. मोनाली तर पदराने डोळे पुसत होती.

समजल्यावर लोक चिडले का? काही चिडले, काही चहा पिऊन गेले. आबा खूश. स्वतःच्या दारावर आलेली माणसं मोजून बघायला कोणाला मिळतं? ते एकेकाला विचारायचे, "माझ्याबद्दल काय म्हणत होते रे वाटेत?" पण खरी गंमत सतरंजीवर होती. शूटिंग नुकतंच संपलेलं, कुंदनचं डोकं भादरलेलं, तो दाराशी बसलेला. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्यासमोर थांबायचा. समोर थांबून वाट बघायचा. आणि हा रडायचा. सवयच होती. लोक त्याच्या टकलावर हात ठेवून म्हणायचे, "रडू नको बेटा, आबासारखा आबा होणे नाही." ज्याच्यासाठी ते आले होते तोच समोर बसलाय, हे एकालाही कळलं नाही. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत रडला तो. त्यातच याचं सगळं पाणी संपलं. वाघूरसारखं. त्यानंतर याच्या डोळ्यातून टिपूस आलेलं कोणी पाहिलं असेल, तर त्याने पुढे यावं.

कोणी पुढे आलं नाही. मोनाली आता कुंदनच्या पाठीकडे बघायला लागली होती. ती हळूच म्हणाली, "दादा, खरंच तुम्ही?"

"हो," कुंदन म्हणाला. "तेव्हा."

मग मला जरा घाईच करावी लागली. त्या दिवसापुढचं सांगायला फारसं नाही. प्रेमराजने त्याला एका गाण्यात नवऱ्याचा मित्र केला. लोकांनी विचारलं, हा कोण. जळगावला कॉलेजात पोरं आबाचा आवाज काढायला लावायची. काढला की म्हणायची, नाही रे, तो वेगळाच होता. पुण्याला शूटिंगसाठी जाऊन आला. काय केलं विचारलं तर म्हणाला, "गर्दीत उभं राहायचं होतं, राहिलो." फैजपूरला एकाने मोबाईलच्या दुकानाचं उद्घाटन आबाच्या हातून ठेवलं. हा गेला, फितीजवळ उभा राहिला. मालक म्हणाला, "भाऊ, जरा बाजूला हो, आबा येताहेत." हा बाजूला झाला. तासभर सगळे रस्त्याकडे बघत उभे. शेवटी मालकाने स्वतःच फीत कापली. हा पेढा घेऊन एसटीत बसला. मी तिथेच होतो, मी म्हणालो, "अरे, सांगायचं नाही का?" तर म्हणाला, "ते आबाची वाट बघत होते, नाना."

मग हे दुकान. वाढदिवस, उद्घाटन, भावपूर्ण श्रद्धांजली. कोणाचाही फोटो द्या, हा मागे ढग लावून देतो. बेबाबाई आणि आबांना त्याने जामनेरला आणलं. आबा नव्वदीला टेकले होते. त्यांना रोज संध्याकाळी मोबाईलवर स्वतःचं मरण बघायला आवडायचं.

"आणि मग?" मोनाली म्हणाली.

मग आबा गेले. दोन वर्षं झाली. सकाळी चहा मागितला, चहा येईपर्यंत गेले. गल्लीतल्या लोकांनी खांदा दिला, पहूरहून भाऊबंद आले. सगळं झालं. राहिली गंधमुक्ती.

"तुमच्या धुळ्याकडे असेलच ही पद्धत," मी म्हणालो.

"आहे ना," ती म्हणाली. "सोयरे येतात आणि घरच्यांच्या कपाळाला गंध लावतात. मग दुखवटा संपतो."

बरोबर. भाऊबंदांनी लावून चालत नाही, त्यांना स्वतःलाच सुतक. आपल्या हाताने लावता येत नाही. सोयराच लागतो, बाहेरून आलेला. तो येईपर्यंत घर दुखवट्यात. आणि कुंदनने सोयऱ्यांना फोन लावायला सुरुवात केली, तर पलीकडून हसू. "वा रे कुंदन, नवीन भाग का? आता मोबाईलवर येणार वाटतं." एकाने तर सांगितलं, आवाजात जरा दुःख आण, तू फार सपाट बोलतोस. याने फ्लेक्स केला, काळी चौकट, फोटो, तारीख. तो फोटो व्हॉट्सॲपवर फिरला आणि खाली लोकांनी हसरी तोंडं टाकली. काहींनी तो मोठा करून तळाची बारीक अक्षरं शोधली. यावेळी तळाला काही नव्हतं.

बेबाबाई म्हणाली, तू स्वतः जा. सुतकात कोणाच्या घरात पाऊल ठेवता येत नाही, म्हणून हा फैजपूरला धुरपदाबाईच्या दाराबाहेर उभा राहिला. डोकं भादरलेलं. ती बाहेर आली, कमरेवर हात ठेवून याला बघत राहिली. म्हणाली, "अगदी त्या सीडीतल्यासारखाच दिसतो रे. एकदा मी सदरा भिजवून आले, आता नाही येणार. एकाच माणसाच्या दारावर दोनदा जाऊ नाही." हा म्हणाला, "अक्का, आबा खरंच गेले." ती म्हणाली, "मग रडून दाखव." शेजारपाजारच्या बायाही येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या समोर थांबल्या आणि वाट बघायला लागल्या.

मुख्तार खाली बघून चपलेचा पट्टा नीट करत होता.

"रडले?" मोनालीने मला विचारलं, कुंदनला नाही.

नाही आलं. उभा राहिला, बराच वेळ. धुरपदाबाई म्हणाली, "बघा, खरं असतं तर रडला नसता का?" आणि आत गेली. हा तसाच परत आला. आता सांग बाई, हा रडला असता तर त्या म्हणाल्या असत्या, काय काम करतो अजून. नाही रडला तर म्हणाल्या, खोटं आहे. याने करायचं काय होतं?

"मग गंधमुक्तीला?" ती म्हणाली. "कोणी आलं का नाही? पण नाना, तुम्ही तर सख्खे मेहुणे. तुम्ही गेलाच असाल."

मी मुख्तारकडे पाहिलं. त्याच्या खुर्च्या होत्या त्या दिवशी. तो अजून चपलेतच होता.

गेलो म्हणजे काय, मी म्हणालो. अगं, फैजपूरहून मी ट्रक भरून माणसं आणली. केळीचा ट्रक, खाली पानं अंथरलेली, वर सोयरेच सोयरे. धुरपदाबाई पुढे ड्रायव्हरशेजारी, रडून रडून तिने काच धुऊन काढली. धुळ्याहून प्रेमराज आला, कॅमेरा न घेता. तो मोबाईलवालाही आला, हात जोडून. मुख्तारच्या खुर्च्या पुरेनात, लोक उभे. जामनेरची वाहतूक बोदवडकडून वळवावी लागली. चंदन उगाळायला दोन माणसं बसलेली. आणि सगळ्यात आधी कोण उठलं? मी. सख्खा मेहुणा, पहिला मान माझा. वाटीत बोट बुडवलं, कुंदनसमोर बसलो, याच्या कपाळाला गंध लावला. थंडगार. आणि मोनालीबाई, मी बोट उचललं तसा याच्या डाव्या डोळ्यात...

कुंदनने खुर्ची फिरवली. इतका वेळ पाठ बघितली होती, एकदम त्याचं तोंड समोर आलं. त्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. लाईट आली की देतो म्हणायचा तोच आवाज.

"नाना, खोटं बोलू नका. तुम्ही आले नव्हते. माझ्या कपाळाला अजून कोणी गंध लावलेला नाही."